गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूंची प्रथिने कशी ओळखतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत नव्याने आलेले विद्यार्थी, जीवशास्त्राचे शिक्षक आणि हातात तपासणीचा अहवाल असलेली माणसे मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे खूप आहे.

विषाणूमुळे गाठ होते, म्हणजे नेमके काय होते?

विषाणूला स्वतःची यंत्रणा नसते. आपल्या डीएनएच्या प्रती काढायला त्याला पेशीची यंत्रणा लागते आणि ती पेशी विभाजनाच्या तयारीत असते तेव्हाच चालू असते. म्हणून कित्येक विषाणू असे प्रथिन बनवतात, जे विश्रांती घेणाऱ्या पेशीला ढकलून विभाजनाला लावते. पेशी याला विरोध करते, गरज पडल्यास स्वतःला मारून टाकते. मग तो विरोध मोडणारे दुसरे प्रथिन विषाणूजवळ असते. एरवी विषाणूचे चक्र पुरे होते आणि ती पेशी मरते किंवा झडून जाते. पण कधीकधी हे चक्र अर्धवट राहते, विषाणूच्या जनुकांचा एक तुकडा पेशीच्या डीएनएमध्ये अडकतो आणि ढकलणारी प्रथिने तेवढी बनत राहतात. अशी पेशी मरत नाही आणि थांबतही नाही. गाठीतून विषाणूला काहीच मिळत नाही, कारण तिथून तो पुढे पसरत नाही.

माणसात असे मोजकेच विषाणू आहेत : एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेला), हिपॅटायटिस बी व सी, एपस्टाइन-बार, एचटीएलव्ही-१, कापोसी सार्कोमाचा हर्पीस विषाणू आणि मर्केल पेशींचा पॉलिओमा विषाणू. संसर्ग झाला म्हणजे कर्करोग होणारच, असे मुळीच नाही. एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

असे पहिले प्रथिन सापडले कसे?

ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो, आणि घाईने सांगत नाही.

१९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी आणि जिवाणू अडतील अशा गाळणीतून काढला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. या कामाचे नोबेल त्यांना १९६६ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी मिळाले. मधल्या काळात एक प्रश्न तसाच राहिला होता : विषाणूतला कोणता घटक गाठ घडवतो? १९७० मध्ये स्टीव्ह मार्टिन यांना या विषाणूचा एक बदललेला प्रकार मिळाला. कमी तापमानाला तो पेशींचे रूप बदलायचा. तापमान वाढवले की पेशी पुन्हा सामान्य दिसू लागायच्या, पण विषाणूची वाढ चालूच राहायची. म्हणजे गाठ घडवणारे जनुक वाढीच्या जनुकांहून वेगळे होते, आणि त्याचे प्रथिन सतत काम करत असेल तरच पेशी बिघडलेली राहत होती. त्या जनुकाला सार्क म्हणू लागले.

प्रथिन मात्र अजून दिसले नव्हते. १९७७ मध्ये जोन ब्रुगी आणि रेमंड एरिक्सन यांनी नवजात सशांमध्ये या विषाणूने गाठी घडवल्या आणि त्या सशांचे रक्तजल घेतले. सशाच्या शरीराला गाठीतले परके प्रथिन ओळखता आले असेल, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असणार. रूप बदललेल्या पेशींना किरणोत्सारी गंधक असलेले अमिनो आम्ल खाऊ घातले, पेशी फोडल्या, त्यांत हे रक्तजल मिसळले आणि प्रतिपिंडांना जे चिकटले ते जेलवर चालवले, म्हणजे त्यातली प्रथिने वजनानुसार वेगळी केली. ६० किलोडाल्टनपाशी (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) एक पट्टा आला. माझ्या मते त्या प्रयोगाचा खरा कणा त्यांच्या तुलनेत आहे. ज्या विषाणूतून सार्क जनुक गळून गेले होते, त्याचा संसर्ग झालेल्या पेशींत हा पट्टा नव्हता.

पुढच्याच वर्षी दिसले की हे प्रथिन कायनेज आहे, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवते. ते कळले कसे? त्याला धरून ठेवणाऱ्या प्रतिपिंडावरच त्याने फॉस्फेट बसवला होता.

टायरोसिनची गोष्ट हीच का?

याच गोष्टीचा हा पुढचा भाग. फॉस्फेट कोणत्या अमिनो आम्लावर बसतो, हे सुरुवातीला चुकले. थ्रिओनिनवर बसतो, असा निष्कर्ष निघाला होता. १९७९ मध्ये टोनी हंटर उंदराच्या पॉलिओमा विषाणूच्या प्रथिनांवर हीच तपासणी करत होते. अमिनो आम्ले एकमेकांपासून वेगळी करायला त्यांनी वापरलेले द्रावण जुने होते आणि त्याचा पीएच १.९ ऐवजी १.७ पर्यंत उतरला होता. १.९ ला फॉस्फोथ्रिओनिन आणि फॉस्फोटायरोसिन एकाच जागी येतात. १.७ ला ते वेगळे झाले, आणि ठिपका टायरोसिनचा निघाला. सार्कही टायरोसिनवरच फॉस्फेट बसवते, हे लवकरच सिद्ध झाले. सामान्य पेशीतल्या एकूण फॉस्फेट बसलेल्या अमिनो आम्लांत टायरोसिनचा वाटा सुमारे ०.०३ टक्के इतका थोडा असतो. म्हणून तोवर तो कुणाच्या नजरेत भरला नव्हता. हंटर यांनी तो अनपेक्षित ठिपका चूक म्हणून टाकून दिला नाही, याचे मला फार मोल वाटते.

सार्क मुळात विषाणूचे होते का?

नाही. १९७६ मध्ये स्टेहेलिन, व्हार्मस, बिशप आणि व्होग्ट यांनी दाखवले की हे जनुक निरोगी कोंबडीच्या डीएनएतच असते. विषाणूने ते कधीतरी उचलले होते. पेशीतल्या प्रथिनाच्या शेपटाला एक टायरोसिन असते आणि त्यावर फॉस्फेट बसला की प्रथिन बंद होते. विषाणूच्या प्रथिनात नेमके ते शेपूटच राहिलेले नाही. बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल मिळाले. डीएनए असलेल्या विषाणूंची बहुतेक गाठकारी प्रथिने मात्र अशी उचललेली नाहीत. ती त्यांची स्वतःची आहेत.

‘टी प्रतिजन’ हे नाव कुठून आले?

टी म्हणजे ट्यूमर. एसव्ही४० हा माकडांचा विषाणू पोलिओ लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत १९६० मध्ये सापडला. हॅमस्टरमध्ये त्याने गाठी होत. गाठ असलेल्या हॅमस्टरचे रक्तजल पेशीच्या केंद्रकात एक प्रतिजन ओळखत असे. त्यालाच हे नाव पडले. लार्ज टी ७०८ अमिनो आम्लांचे आहे, तर स्मॉल टी १७४ चे. दोन्ही एकाच जनुकातून, आरएनए निरनिराळ्या प्रकारे जोडला गेल्याने बनतात.

प्रथिनाच्या नावातला आकडा म्हणजे त्याचे खरे वजन का?

तो आकडा जेलने सांगितलेला असतो, आणि जेल फसवते. पी५३ हे आपल्या पेशीतले प्रथिन सगळ्यांत ठळक उदाहरण. ३९३ अमिनो आम्लांचा हिशेब केला तर वजन जेमतेम ४४ किलोडाल्टन भरते, पण प्रोलिनने भरलेल्या भागामुळे ते जेलवर सावकाश सरकते आणि ५३ पाशी दिसते. नाव तेच राहिले. एचपीव्ही१६ या एचपीव्हीच्या एका प्रकाराचे ई७ हे गाठकारी प्रथिन फक्त ९८ अमिनो आम्लांचे, हिशेबाने ११ किलोडाल्टनचे. जेलवर मात्र ते बरेच वर, १७ ते २० च्या आसपास दिसते. कापोसी विषाणूचे लाना हिशेबाने १३५ च्या घरात आणि जेलवर २२० च्या पुढे. आम्लधर्मी अमिनो आम्लांचे पट्टे प्रथिनात असले की असे होते. म्हणून पट्टा ‘अपेक्षित जागी’ आला नाही एवढ्यावर प्रथिन नाकारू नका, आणि अपेक्षित जागी आला एवढ्यावर स्वीकारूही नका.

प्रतिपिंडाने ओढल्यावर दुसराही पट्टा आला. तो विषाणूचाच समजायचा का?

या विषयातले निम्मे शोध याच प्रश्नातून निघाले आहेत.

१९७९ मध्ये एकाहून अधिक गटांना लार्ज टी ओढताना, म्हणजे प्रतिपिंडाला चिकटवून अर्कातून बाहेर काढताना, सोबत ५३ चा पट्टा दिसला. तो लार्ज टीचा तुटलेला तुकडा असेल का? की विषाणूचे आणखी एखादे प्रथिन? उत्तर पेशींनी दिले. विषाणूचा स्पर्शही न झालेल्या भ्रूणकर्करोगाच्या पेशींत हेच प्रथिन सापडले, तेव्हा ते यजमानाचे आहे हे स्पष्ट झाले. पुढची दहा वर्षे पी५३ कर्करोग घडवते असाच समज होता. ते कर्करोग रोखते हे १९८९ च्या सुमारास पक्के झाले.

ॲडेनोव्हायरसच्या ई१ए प्रथिनासोबत असेच पट्ट्यांचे एक कुटुंब येत असे : १०५, १०७, ३००. १९८८ मध्ये १०५ चा पट्टा म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचे आरबी प्रथिन, हे सिद्ध झाले. मुलांच्या डोळ्यांतल्या गाठीत जे जनुक हरवलेले असते, त्याच्याच प्रथिनाला विषाणू धरून बसला होता! पी१०७ आणि पी३०० ही नावे आजही त्या पट्ट्यांवरूनच चालत आली आहेत.

याला दुसरी बाजूही आहे. पॉलिओमा विषाणूच्या मिडल टी प्रथिनाला कायनेज मानले गेले होते, कारण ते ओढले की सोबत कायनेजचे काम दिसे. १९८३ मध्ये कळले की मिडल टी स्वतः कायनेज नाही. ते पेशीतल्या सार्कला धरते आणि काम सार्क करते. म्हणजे ओढलेल्या गाळात एखादे काम दिसले, तर ते कुणाचे हे वेगळे सिद्ध करावे लागते. शुद्ध प्रथिन घ्या, नाहीतर एकच अमिनो आम्ल बदलून काम थांबते का ते पाहा.

तुलनेसाठी काय काय ठेवावे?

संसर्ग नसलेली तीच पेशी. टोचण्याआधीचे त्याच प्राण्याचे रक्तजल. ते जनुक काढून टाकलेला विषाणू. शक्य असेल तर त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला ओळखणारे दुसरे मोनोक्लोनल (एकाच प्रकारचे शुद्ध) प्रतिपिंड. आणि एक व्यवहारातली गोष्ट : ओढायला वापरलेल्या प्रतिपिंडाची जड साखळी ५० किलोडाल्टनपाशी आणि हलकी साखळी २५ पाशी वेस्टर्नवर (जेलवरची प्रथिने प्रतिपिंडाने दाखवणाऱ्या चाचणीत) हमखास दिसते. तुमचे प्रथिन नेमके तिथेच असेल, तर प्रतिपिंड मण्यांना कायमचे जोडून घ्या किंवा ओढायला एका प्राण्याचे आणि पाहायला दुसऱ्या प्राण्याचे प्रतिपिंड वापरा. नवख्यांचे आठवडेच्या आठवडे या पट्ट्यात गेलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटते, कारण हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते.

आता जनुकसंच वाचलेले आहेत. मग प्रथिने नुसती वाचून कळत नाहीत का?

बरीचशी कळतात, सगळी नाही. विषाणू जागा वाया घालवत नाही. डीएनएच्या एकाच भागावर वेगवेगळ्या चौकटींत, म्हणजे तीन-तीन अक्षरांची मोजणी वेगळ्या जागेपासून सुरू करून, दोन प्रथिने लिहिलेली असतात आणि जोडणीनुसार तुकडे बदलतात. ई१ए चीच दोन मुख्य रूपे आहेत, २८९ आणि २४३ अमिनो आम्लांची. एचटीएलव्ही-१ चे एचबीझेड तर डीएनएच्या उलट्या धाग्यावर लिहिलेले आहे. सरळ धागाच वाचणाऱ्यांना ते बराच काळ दिसले नाही, आणि या विषाणूच्या रक्तकर्करोगात सर्वांत चिवटपणे चालू राहणारे जनुक तेच निघाले. रायबोसोम आरएनएवर कुठे बसले आहेत हे थेट वाचण्याच्या पद्धतीने मोठ्या हर्पीस विषाणूंत शेकडो छोट्या, नोंदीत नसलेल्या चौकटी दाखवल्या. त्यांतल्या कितींची टिकाऊ प्रथिने बनतात, हे मात्र एकेक तपासावे लागते.

मास स्पेक्ट्रोमेट्रीने काम सोपे झाले का?

हो, फार. पट्टा कापायचा, ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने तोडायचा, तुकड्यांची वजने मोजायची. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतरच कापते, त्यामुळे कोणत्या प्रथिनातून कोणते तुकडे पडतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. अडचण लहान प्रथिनांची असते. ९८ अमिनो आम्लांच्या प्रथिनातून कामाचे तुकडे मोजकेच मिळतात. शोधताना मानवी आणि विषाणूच्या अशा दोन्ही प्रथिनांच्या याद्या एकत्र द्या. फक्त विषाणूची यादी दिली, तर मानवी प्रथिनाचा तुकडाही ओढूनताणून विषाणूच्या खात्यात जमा होतो. आणि यादीच्या वरच्या टोकाला केराटिन दिसले, तर ते बहुधा तुमच्याच त्वचेचे असते.

प्रथिन काय करते, हे कसे ठरवतात?

आधी ते पेशीत कुठे राहते ते पाहतात. लार्ज टीमध्ये सात अमिनो आम्लांचा एक छोटा पत्ता आहे, जो प्रथिनाला केंद्रकात पोहोचवतो. त्यातले एकच लायसिन बदलले आणि प्रथिन केंद्रकाबाहेर राहिले. १९८४ चे हे काम, आणि केंद्रकाचा पत्ता म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच.

मग ते कुणाला धरते ते. एचपीव्हीचे ई७, ॲडेनोव्हायरसचे ई१ए आणि एसव्ही४० चे लार्ज टी ही तीन वेगळ्या घराण्यांतल्या विषाणूंची प्रथिने. तिन्हींत ल्युसिन, काहीतरी, सिस्टीन, काहीतरी, ग्लुटामिक आम्ल हा क्रम आहे आणि तिन्ही त्याच क्रमाने आरबीला धरतात. तो क्रम बिघडवला की पकड सुटते आणि पेशीचे रूप बदलणेही थांबते किंवा मंदावते. पकड आणि परिणाम एकाच बदलाने एकत्र जातात, तेव्हा मी पुराव्यावर विश्वास ठेवतो.

शेवटी, काढून घेतल्यावर काय होते. हेला पेशी (एका रुग्णेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या) १९५१ पासून प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि त्यांत एचपीव्ही१८ ची ई६ आणि ई७ आजही बनतात. ही दोन प्रथिने बंद केली की इतक्या दशकांच्या पेशीही विभाजन थांबवतात.

ई६ ला एन्झाइमचे काम नाही म्हणतात. मग ते पी५३ नष्ट कसे करते?

उसन्या हातांनी. १९९० मध्ये दिसले की एचपीव्ही१६ आणि १८ चे ई६ असले की पी५३ तोडले जाते. पण नुसते ई६ आणि पी५३ एकत्र ठेवून काहीच होत नव्हते. पेशीचा अर्क लागत होता. त्या अर्कातला सुमारे १०० किलोडाल्टनचा साथीदार सापडला, तो ई६एपी. तो प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावतो आणि खूण लागलेले प्रथिन पेशीचे मोडतोड यंत्र गिळते. ई६ हे दोघांना जवळ आणते. पुढे याच ई६एपीचे जनुक बिघडले की बाळांना अँजेलमन सिंड्रोम होतो, हेही कळले. विषाणूच्या मागे जाताना मेंदूच्या आजाराची वाट सापडली.

ई६ शुद्ध करणे फार कठीण होते. त्यात सिस्टीन भरपूर, जस्त नसेल तर घडी विस्कटते, आणि प्रथिन गोळा होऊन तळाशी बसते. त्यामुळे त्याची रचना २०१३ मध्ये आणि पी५३ सह तिघांची एकत्र रचना २०१६ मध्ये आली.

पेशीत प्रथिन भरपूर बनवून पाहिले तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, पण निष्कर्ष तिथे थांबवू नका. हिपॅटायटिस बीचे एक्स प्रथिन, १५४ अमिनो आम्लांचे, हे याचे उदाहरण. खऱ्या संसर्गात ते अगदी थोडे असते. भरमसाट बनवून पाहिल्यावर त्याचे असंख्य साथीदार नोंदले गेले. २०१६ मध्ये स्पष्ट झाले ते असे : ते पेशीच्या डीडीबी१ला धरून एसएमसी५/६ ही जोडी मोडते, कारण ती विषाणूचे डीएनए गप्प ठेवते.

गाठीत विषाणूचे प्रथिन दिसले नाही, तर विषाणूचा संबंध नाही असे समजायचे का?

नाही. कोंबड्यांच्या एका मंदगती विषाणूत गाठकारी जनुकच नसते. तो पेशीच्या मिक जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि ते चालू करतो. हे १९८१ मध्ये दिसले. एचटीएलव्ही-१ चे टॅक्स गाठीत बऱ्याचदा बंद झालेले असते, कारण शरीराची प्रतिकारशक्ती ते लगेच ओळखते.

उलटेही लक्षात ठेवा. विषाणू दिसला म्हणून संबंध सिद्ध होत नाही. २००६ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात एक्सएमआरव्ही हा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. पुढे कळले की मानवी गाठ उंदरांत वाढवताना उंदराच्या दोन विषाणूंच्या तुकड्यांतून तो तयार झाला होता आणि तिथून नमुन्यांत मिसळला होता. तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. त्यातून कितीतरी रुग्णांना विनाकारण आशा आणि भीती मिळाली.

मर्केल पेशींच्या गाठीत २००८ मध्ये सापडलेला पॉलिओमा विषाणू मात्र कसोटीला उतरला. सुरुवातीच्या १० गाठींपैकी ८ मध्ये तो होता आणि गाठींतले लार्ज टी छाटलेले होते : विषाणूची प्रत काढणारा भाग गेलेला, आरबीला धरणारा भाग शाबूत. प्रदूषणाने नमुन्यामागून नमुन्यात असा अर्थपूर्ण छाट येत नाही.

लशीत ही गाठकारी प्रथिने असतात का?

नाहीत. २००६ पासून वापरात असलेल्या एचपीव्ही लशीत फक्त एल१ हे विषाणूच्या कवचाचे प्रथिन असते. त्यात ई६ किंवा ई७ यांपैकी काहीही नसते.

अहवालात ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहिले आहे. ते विषाणूचे प्रथिन आहे का?

पी१६ आपल्याच पेशीचे आहे. ई७ ने आरबी निकामी केले की पेशी पी१६ चा साठा करू लागते. ई७ ऊतकात दिसणे कठीण आणि पी१६ रंगवणे सोपे, म्हणून ही अप्रत्यक्ष खूण वापरतात. घशाच्या काही भागांत ती चांगली चालते, इतरत्र कमी भरवशाची आहे. अर्थ तुमच्या डॉक्टरांकडूनच लावून घ्या.

या प्रथिनांवर काम करताना धोका असतो का?

बहुतेक काम जिवंत विषाणूशिवाय, नुसत्या जनुकाच्या तुकड्यावर होते. तरीही गाठकारी जनुक वाहणारा लेंटीव्हायरस हाताळताना सुई टाळा आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या.

एवढे कळूनही ई६ वर औषध का नाही?

कारण अडवायला एन्झाइमची खोल खाच तिथे नाही. सार्कच्या वाटेने कळलेल्या टायरोसिन कायनेजांना एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) बसण्याची खाच असते, म्हणून २००१ मध्ये रक्तकर्करोगावर इमॅटिनिब आले. ई६ हे दोन प्रथिनांना एकमेकांजवळ आणते, आणि प्रथिनांमधली पकड लहान रेणूने सोडवणे अवघड असते. पण २०१३ च्या रचनेत एक आशादायक जागा दिसते. ई६एपीचा एक छोटा, पिळाच्या आकाराचा तुकडा ई६ च्या एका खोबणीत घट्ट बसतो. त्याच खोबणीत बसून ई६एपीला बाहेर ठेवेल असा रेणू शोधण्याचे काम आज चालू आहे.